गाठ धरून माप

जुनी जाळी कापायची ठरली त्या सकाळी धक्क्यावर सगळी वस्ती जमली, पण पहिला कोयता कोण घालणार म्हटल्यावर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला. जाळं म्हणजे काही फाटकं पोतं नव्हे. कुणाच्या जाळ्यात बापाच्या हातच्या गाठी होत्या, कुणाच्या जाळ्याला गेलेल्या भावाच्या हातची ठिगळं होती. शेवटी थोरलीचे बाबा पुढे झाले. त्यांनी आपलं जाळं ढिगातून ओढून काढलं, पायाखाली दाबलं आणि मधोमध कोयता घातला. आईने मान वळवली आणि ती पाण्याकडे बघत राहिली, जसं काही पाण्यात कधी नव्हे ते काही दिसत होतं.

"सभापती, हात थरथरला वाटतं," मागून खारटकाका म्हणाले.

"कोयता बोथट आहे," बाबा म्हणाले आणि दुसरा घाव घातला.

खारटकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांनी तोंड उघडलं की कुणाच्या ना कुणाच्या जखमेवर मीठ पडायचंच, म्हणून खारट. बाबांना 'सभापती' हे नाव चिकटवलं तेही त्यांनीच. त्याला कारणही तसंच होतं. तीन वर्षं झाली, मासा आटत चालला होता. आटला म्हणजे अगदी संपला असं नाही. येत होता, पण बोटाएवढा. टोपलीभर मासे ओतले तरी त्यात तळहाताएवढा एक सापडायचा नाही. खाडीच्या तोंडाशी तीन किनारे होते, तिघांचं पाणी एक आणि नियम तीन. हा किनारा अंडी घालायच्या महिन्यांत होड्या वर ओढायचा, तेव्हा पलीकडचा किनारा जाळी टाकायचा. तो थांबला की दक्षिणेचा सुटायचा. एकाने उपास करायचा आणि दुसऱ्याने त्याचं ताट पुसून खायचं, असा सगळा कारभार.

तेव्हा बाबा स्वतःच्या होडीतून दोन्ही किनाऱ्यांवर गेले. एकदा नव्हे, चार वेळा. पहिल्या वेळेस पलीकडच्यांनी त्यांना धक्क्याला दोरही लावू दिला नाही. ते दुपारभर होडीत उभं राहून बोलले आणि घसा बसवून घरी आले. पण हळूहळू तिन्हीकडची माणसं एका सतरंजीवर बसली. तिन्ही सरकारांची माणसं आली, संयुक्त समिती झाली, करार झाला. अंड्यांच्या महिन्यांत तिन्ही किनारे बंद. जाळ्याचा डोळा मोठा, म्हणजे पिल्लू निसटून जाईल. आणि खोल पाण्यात, ज्याला आता सगळे 'सामाईक पाणी' म्हणायला लागले होते, तिथे प्रत्येक किनाऱ्याच्या चाळीसच होड्या. चाळिसांची यादी तीन वर्षं बदलायची नाही. यादीत नसलेल्या होडीने धक्क्याबाहेर तोंड काढायचं नाही.

जुनं जाळं कापून दिलं की नवीन जाड्या दोऱ्याची रिळं समितीकडून मिळत होती. जाळं मात्र ज्याचं त्याने विणायचं, आणि यादी पक्की करायच्या दिवशी माप करून घ्यायचं.

चाळीस जागांना एक्केचाळीस होड्या झाल्या. सगळ्यांत शेवटी अर्ज आला खारटकाकांचा, कारण शेवटपर्यंत ते 'हे सगळं कागदावरचं गलबत आहे' म्हणून सांगत फिरत होते. ते राखीव राहिले.

"राखीव तर राखीव," ते म्हणाले. "कुणाची तरी होडी बुडेलच की. देव कुणाचं वाईट करत नाही, पण जागा रिकामी करतो."

*

अकरा आठवडे घर म्हणजे नुसता दोरा झाला होता. पुढच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकून त्याला जाळ्याची वरची दोरी बांधलेली. जाळं जसं वाढत गेलं तसं ते खोलीतून ओसरीवर आणि ओसरीवरून अंगणात उतरलं. जेवायचं तर जाळं सरकवायचं, झोपायचं तर जाळं गुंडाळायचं. धाकटी सहा वर्षांची. ती जाळ्यात शिरून बसायची आणि "मला पकडलं, मला सोडवा" म्हणत लोळायची. तिला सोडवता सोडवता आईचा अर्धा तास जायचा.

डोळ्याचं माप समितीने एका जाड कार्डावर छापून दिलं होतं: एक काळी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जाळं विणायचं तर लाकडी पट्टी लागते. दोरा पट्टीवरून घ्यायचा, गाठ मारायची, पुन्हा पट्टीवरून घ्यायचा. मग सगळे डोळे सारखे येतात. ती पट्टी थोरलीने कापली. शाळेत भूमितीत तिला पैकीच्या पैकी मिळायचे, कंपासपेटीही तिचीच, तेव्हा ते काम दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं. कार्डावरची रेघ तिने बरोबर अर्धी केली, कारण डोळा ताणला की त्याच्या दोन बाजू एका रेषेत येतात, आणि लाकूड घासून घासून तिथे आणलं.

ओसरीच्या कोपऱ्यात आबा बसलेले असायचे, बाबांचे वडील. डोळ्यांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा, पण बोटं शाबूत होती. ते सुयांमध्ये दोरा भरून द्यायचे. थोरलीने पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली.

"माप कुठून धरायचं सांगितलंय?"

"कुठून म्हणजे? धरतात तिथूनच. गाठीच्या पोटापासून गाठीच्या पोटापर्यंत."

"गाठ धरून."

"गाठ धरून, आबा. आपण काय जन्मात पहिल्यांदा जाळं विणतोय?"

ती हसली, आबाही हसले. "बरं बाई. भूमितीवाली तू."

खरं तर त्या किनाऱ्यावर दुसरं काही कुणाला माहीतच नव्हतं. गाठ हा डोळ्याचाच भाग. माप घ्यायचं ते गाठीच्या मधोमधून. आजवर कुणी याचा विचारही केला नव्हता, जसा आपण उजव्या पायाने चालायला सुरुवात करतो की डाव्या याचा कुणी करत नाही. तिन्ही किनारे तीन दिवस त्या आकड्यावर भांडले होते. एक म्हणे एवढा, दुसरा म्हणे तेवढा, टेबलं बडवली गेली, एकदा तर खुर्ची फेकली गेली. आकडा ठरला तेव्हा सगळ्यांनी दमून चहा मागवला. तो आकडा कुठून मोजायचा हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आईची गाठ वस्तीत नावाजलेली. बाकीच्या बायका एकेरी गाठ मारायच्या. आई दोऱ्याला आणखी एक वळसा द्यायची आणि दाताने ओढून गच्च करायची. दुहेरी गाठ. कितीही मोठा मासा तडफडला तरी ती सरकायची नाही. पण नवीन दोरा जाड होता, आणि दुहेरी गाठीला वेळ दुप्पट लागायचा. तिसऱ्या आठवड्यात आईच्या करंगळीच्या मुळाशी दोऱ्याने चर पडला. तिने त्यावर चिंधी बांधली. मग चिंधीलाही चर पडला.

"एकेरी मार की," थोरली म्हणाली. "सगळे एकेरीच मारतायत. शेजारची काकू तर अर्धं जाळं संपवून गप्पा मारत बसलीय."

आईने बाबांकडे बघितलं. बाबा नुकतेच आले होते. होड्या वर होत्या तोवर ते बर्फाच्या कारखान्यात लाद्या वाहायला जायचे. खांद्यावर गोणपाट टाकूनही कातडी सोलून निघायची, आणि ते उंबऱ्यावर बसले की गार वाफ अजून त्यांच्या अंगावरून येतेय असं वाटायचं.

"दुहेरीच मार," बाबा म्हणाले. "खोल पाण्यातलं जाळं आहे. आणि दोन्ही किनाऱ्यांची माणसं येणार आहेत मापाला. त्यांनी बघू दे, आपल्याकडे जाळं कसं विणतात ते."

"ते गाठी बघायला येणार नाहीत," आई म्हणाली, पण तिला बरं वाटलं होतं. तिने सुई पुन्हा उचलली, आणि त्या संध्याकाळी तिचा हात असा काही भरभर चालला की आबांना सुया भरून पुरेनात.

नळावर बायका विचारायच्या, "काय गं, सभापतीणबाई, तुमचं जाळं राजवाड्याला पडदे लावायला का?" आई म्हणायची, "हो, उरलं तर तुला परकर शिवून देते." पाणी भरायला आलेल्या बायका हसायच्या, आईही हसायची. अकरा आठवडे ती अशी हसत होती. थोरलीने तिला इतकं सलग हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

*

मापाच्या दिवशी ऊन लवकर तापलं. धक्क्यावर एक लांब बाक टाकला होता. त्यावर पलीकडच्या किनाऱ्याचा एक आणि दक्षिणेचा एक असे दोन साक्षीदार बसले होते, आणि मधे वस्तीतले म्हातारे मास्तर. माप घेणारी बाई पलीकडच्या किनाऱ्याची होती. चाळिशीची, उन्हाने रापलेली, बाह्या वर सारलेल्या. तिच्या हातात लोखंडाची चपटी पाचर होती, खाली निमुळती, वर रुंद, आणि रुंदीच्या एका जागी लाल खूण. जाळं पाण्यात बुडवून काढायचं, वीस डोळे तिने मनाला येतील तसे निवडायचे, आणि प्रत्येकात पाचर उतरवायची. लाल खूण डोळ्यात गेली की पास.

पहिली होडी पास झाली. दुसरी, तिसरी. पाचर खूण गाठताना जरा रेंगाळायची, पण ओल्या दोऱ्याची एकेरी गाठ सरकायची, डोळा सैल व्हायचा आणि खूण आत जायची. होडीवर निळ्या रंगाने आकडा लिहिला जायचा. लोक टाळ्या वाजवायचे. थोरलीचे हात टाळ्या वाजवून लाल झाले होते. तिला शेजारच्या काकूचा, तिच्या नवऱ्याचा, त्या बाकावरच्या परक्या माणसांचा, सगळ्यांचाच फार जिव्हाळा वाटत होता.

सतरावं जाळं त्यांचं. बाबांनी आणि आईने ते दोन टोकांना धरून पाण्यातून वर घेतलं. बाकावरचा दक्षिणेचा साक्षीदार पुढे वाकला.

"कुणी विणलंय हे?"

"घरच्यांनी," बाबा म्हणाले. छाती पुढे आली नाही असं काही थोरलीला म्हणता येणार नाही.

मापवालीने एक डोळा निवडला. पाचर उतरली आणि थांबली. लाल खूण वर राहिली; फार नाही, दोन गव्हांएवढी. तिने पाचर काढली, दुसरा डोळा घेतला. दोन गहू. तिसरा. दोन गहू. ती जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, मधे गेली, खाली बसली. वीस डोळे झाले. सगळे सारखे. इतके सारखे की चुकूनही एखादा मोठा निघाला नाही.

"हे माप कुठून धरलं तुम्ही?" तिने विचारलं.

"गाठीपासून गाठीपर्यंत," आई म्हणाली.

"गाठीच्या आतून?"

"पोटातून. गाठ धरून."

मापवालीने आईच्या गाठीवर अंगठा फिरवला. "आमच्याकडे गाठ सोडून धरतात. आतली मोकळी जागा. करारातही तेच आहे."

"आधीचे सोळा पास झाले ते?" मास्तरांनी विचारलं. "तेही गाठ धरूनच विणतात."

"त्यांची गाठ बारीक आहे. आणि सरकते. काठावर का होईना, खूण आत जाते." ती थांबली. "ही गाठ सरकत नाही."

मास्तरांनी कराराचा कागद काढला. बाबांनी तो हातात घेऊन वाचला. बोट ओळीवरून हळूहळू गेलं, टोकाला थांबलं, पुन्हा मागे आलं. खाली तीन किनाऱ्यांच्या तीन सह्या होत्या, त्यातली मधली त्यांची.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आतली मोकळी जागा असं लिहिलंय. सही करताना मी आकडाच बघितला."

गर्दीत चुळबुळ सुरू झाली. "दोन गव्हांनी काय होतंय." "सोडा की हो बाई." "समुद्राला काय कळतंय." पुढे उभे होते त्या खारटकाकांनी आईकडे बघून जीभ टाळूला लावून च्यक केलं. "वहिनी, नाकापेक्षा मोती जड झाला म्हणायचा."

कुणी हसलं नाही. ते काकांनाही अपेक्षित नसावं. त्यांनी मान खाली घातली.

मापवाली बाबांच्या जवळ आली. बाकाकडे पाठ करून, फक्त बाबा, आई आणि त्यांच्या मागे उभी असलेली थोरली यांनाच ऐकू जाईल अशा बेताने ती बोलली. "दादा, दोरा ओला आहे. मी पाचर जरा जोरात दाबली तर जाईल."

"किती जोरात?"

"बाकीच्यांची दाबली त्याच्यापेक्षा जोरात."

दाबा, थोरलीने मनात म्हटलं. दाबा, दाबा. बाबांनी बाकावरच्या दोघांकडे बघितलं. ती दोघं कागदात डोकं घालून बसली होती. मुद्दाम असेल किंवा नसेल. पलीकडच्या किनाऱ्यावरही आज असंच माप चाललं होतं, आणि तिथल्या बाकावर वस्तीतली दोन माणसं बसवली होती.

"तिकडे कुणी असं दाबलं," बाबा म्हणाले, "तर आमचे लोक काय म्हणतील?"

मापवालीने पाचर खाली केली.

"अहो," आई म्हणाली. एवढंच.

बाबांनी जाळ्याचं टोक खाली ठेवलं. "नको. असू दे. लिहा काय लिहायचं ते."

थोरलीला वाटलं पुढे जावं, बाबांचा हात धरून हलवावं, ओरडावं. पण ती जागची हलली नाही. तिला एकदम कळलं होतं की पट्टी तिची आहे.

"नवीन विणायला किती दिवस लागतील?" मास्तरांनी विचारलं.

"अकरा आठवडे लागले," आई म्हणाली.

"यादी आज बंद होते."

"हो," बाबा म्हणाले. "तेही माझ्याच सहीने."

नापास जाळं समितीने ठेवून घ्यायचं असा नियम होता. दोन माणसं आली आणि जाळं गोणीत कोंबायला लागली. आई पुढे झाली. "असं नका भरू, गुंता होईल." तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, धक्क्यावर पसरलं, बुचांची तरंगती बाजू एकीकडे आणि शिशाच्या वजनांची दुसरीकडे करून घडी घडी लावलं, आणि मगच गोणीत जाऊ दिलं. त्याला बराच वेळ लागला. मागे अठरावी होडी खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही.

दुपार कलताना चाळिसावा निळा आकडा खारटकाकांच्या होडीवर पडला. त्यांचं जाळं बाजारातलं होतं, यंत्रावर विणलेलं, गाठ अशी जवळजवळ नव्हतीच. पाचर त्यात सरसर उतरली.

*

त्या दिवशी घरात जेवायला सगळे बसले, पण पुढची खोली एवढी रिकामी होती की कुणाला कुठे बसावं कळेना. भिंतीवर नुसता खिळा.

"पट्टी मी कापली," थोरली म्हणाली.

"जेव," बाबा म्हणाले.

"आबांनी विचारलं होतं मला. मी हसले."

आबांनी भाताचा घास हातातच ठेवला. "मी पण हसलो," ते म्हणाले.

"दाबू द्यायची होती तिला," थोरली म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "सगळ्यांना चालत होतं. तिला स्वतःला चालत होतं. तुम्हाला एकट्याला नाकावर माशी बसू द्यायची नव्हती. आता काय, नाक घेऊन बसा."

आई तिला ओरडेल असं तिला वाटलं. आई ताटात बघत होती. तिने करंगळीवरची चिंधी सोडली होती आणि त्या जागी कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी दिसत होती.

"दाबली असती," बाबा सावकाश म्हणाले, "तर मी त्या पाण्यात जाळं टाकलं असतं. आणि रोज टाकलं असतं." त्यांनी भाताचं पातेलं पुढे सरकवलं. "धाकटीला भात वाढ."

दुसऱ्या सकाळी खारटकाका आले. ओसरीच्या पायरीवर उभे राहिले, आत आले नाहीत. एरवी विचारल्याशिवाय स्वयंपाकघरापर्यंत जाणारा माणूस.

"मला एक माणूस कमी पडतोय," ते म्हणाले. "होडीवर."

बाबा दोर वळत होते. "काय काम?"

"पाणी उपसायचं. जाळं ओढायला हात. सुकाणू माझ्या मेहुण्याकडे आहे." मग जरा थांबून, "त्याला तुझ्याएवढं येत नाही. पण तो बायकोचा भाऊ."

"कळतंय."

"मी काही तुझी जागा मागितली नव्हती हं, सभापती."

"नाही मागितलीस."

"वाईट वाटून घेऊ नकोस."

"किती वाजता निघायचं?" बाबांनी विचारलं.

*

होड्या खोल पाण्यात जायला लागल्या आणि तिसऱ्या आठवड्यापासून मासा दिसायला लागला. मोठा. कोपरापर्यंतच्या हाताएवढा, जाड पाठीचा, थोरलीने लहानपणी एकदाच पाहिलेला तसा. टोपल्या उचलायला दोन-दोन माणसं लागायला लागली. शाळेत गुरुजींनी फळ्यावर तीन किनारे काढले, मधे पाणी काढलं आणि विचारलं, "हे सगळं कुणामुळे झालं सांगा बरं?" वर्ग थोरलीकडे वळला. ती पुस्तकात बघत राहिली.

आई आता धक्क्यावरच्या निवडणीच्या शेडमध्ये जायची. मासा आकाराप्रमाणे वेगळा करायचा, बर्फ टाकायचा, पेटी सरकवायची. दिवसभर बर्फात हात घालून तिच्या बोटांची पेरं सुजली. सुई धरता येईल अशी ती राहिली नव्हती. धरायला कारणही राहिलं नव्हतं. शेडमधल्या बायकांनी पहिल्या दिवशी तिला सांभाळून घेतलं, कुणी काही बोललं नाही. थोरलीला तेच लागलं. त्यांनी परकराचा विनोद केला असता तर बरं झालं असतं.

बाबा खारटकाकांच्या होडीत मागच्या बाजूला बसायचे आणि डब्याने पाणी उपसायचे. एकदा शाळेतून येताना थोरलीने होडी धक्क्याला लागताना पाहिली. मेहुण्याने सुकाणू उशिरा वळवलं, होडी दगडावर घासली. बाबांनी मान वर केली, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटून डबा पाण्यात घातला.

धक्क्याला जागा होती ती यादीतल्या होड्यांना, म्हणून त्यांची स्वतःची होडी अंगणाच्या कडेला ओंडक्यांवर चढवलेली होती. लाकडी होडी पाण्यातच बरी असते. पाण्याबाहेर राहिली की फळ्या सुकतात, आकसतात आणि सांधे उघडतात; मग ती पुन्हा पाण्यात घालायची म्हटलं तरी चाळणी झालेली असते. म्हणून तिला भिजती ठेवायची. खाऱ्या पाण्याच्या वीस बादल्या रोज. आई शेडवर, बाबा होडीवर, तेव्हा ते काम थोरलीकडे आलं. शाळा सुटली की ती धक्क्याच्या पायऱ्या उतरायची, बादली भरायची, चढ चढून यायची, फळ्यांवर सारखं पाणी पडेल अशी ओतायची. धाकटी नारळाच्या करवंटीने तिच्या मागोमाग ओतायची आणि मोजायची, तिला वीसपर्यंत यायला लागलं ते तिथेच. आबा ओसरीवरून ऐकायचे. पाणी फळीवर पडल्याचा आवाज आला की ते म्हणायचे, "प्यायली?"

"प्यायली, आबा."

तीन वर्षं, थोरली मनात हिशेब करायची. तीन वर्षांत किती बादल्या. तिला तो आकडा काढता येत होता, पण ती काढत नव्हती. वीस, आणि उद्या वीस. बाबांशी ती अजून नीट बोलत नव्हती. पण बादली मात्र तिने एक दिवस चुकवली नाही. परीक्षेच्या दिवसांत पुस्तक ओंडक्यावर उघडं ठेवून तिने पाणी ओतलं.

मग ऊन वाढलं. वारा जमिनीकडून सुटायला लागला, कोरडा, धुळीचा. तिने वीसच्या तीस बादल्या केल्या. पाणी फळीवर पडायचं आणि बघता बघता उडून जायचं, तापल्या तव्यावर पडल्यासारखं. एक दिवस ओतलेलं पाणी होडीखालच्या मातीत उतरलेलं तिला दिसलं. तिने खाली वाकून बघितलं. तळाच्या दोन फळ्यांमधून थेंब थेंब पडत होतं. तिने कापूस आणला, डांबर आणलं, बाबांना न सांगता सांधा भरला. आठवड्याने दुसरीकडून पडायला लागलं. मग तिसरीकडून. तिने आबांना सांगितलं नाही, पण आबांनी विचारायचं बंद केलं. पाण्याचा आवाज बदललेला त्यांना ऐकू येत होता.

त्या दिवशी बाबा लवकर आले. हातात एक मासा होता, शेपटीला धरलेला, खारटकाकांनी दिलेला. मोठाच्या मोठा. त्यांनी तो पायरीवर ठेवला आणि सरळ होडीकडे गेले. आईही शेडवरून येऊन वाटेवरच्या नळावर पाय धूत होती. थोरली पंधरावी बादली घेऊन चढ चढत होती.

बाबा होडीखाली गुडघ्यांवर बसले, मग पाठीवर झोपले, जसे पूर्वी तळाला डांबर लावताना झोपायचे. त्यांनी हात वर केला आणि एका सांध्यावरून बोटं नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोटाचं टोक फळ्यांमध्ये शिरलं. दुसऱ्या सांध्यावरून नेली. थोरली बादली घेऊन उभी राहिली. फळ्यांमधून उन्हाच्या बारीक रेघा बाबांच्या तोंडावर, शर्टावर पडल्या होत्या.

"कधीपासून?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"महिना झाला."

"डांबर तू लावलंस?"

"हो."

"चांगलं लावलंयस."

ते बराच वेळ उठले नाहीत. आई जवळ आली. धाकटी करवंटी घेऊन म्हणाली, "बाबा, सरका, मी पंधरावी ओतते." बाबा बाहेर आले, पाठीची माती न झटकता उभे राहिले. त्यांनी होडीच्या काठावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"उद्यापासून पाणी ओतू नका," ते म्हणाले.

"तीसच्या चाळीस करते मी," थोरली म्हणाली. "पहाटे पण आणते. शाळेच्या आधी."

"नको."

"बाबा, मला जड नाही वाटत."

"तुला नाही वाटत, ते माहिताय." त्यांनी तिच्या हातातली बादली घेतली, खाली ठेवली. कडीचे लाल वळ तिच्या तळव्यावर उठले होते. त्यांनी ते बघितले. "होडीला आता पेलत नाही. सुतार म्हणतो तळ गेला तर फळ्यासुद्धा कुणी घेणार नाही. अजून चांगल्या आहेत तोवर द्याव्यात."

म्हणजे सुताराशी बोलणं झालेलं होतं. थोरलीने आईकडे बघितलं. आईलाही ते ठाऊक असावं, किंवा आत्ताच कळलं असावं. तिच्या तोंडावरून काही समजलं नाही.

"कधी येणार तो?" आईने विचारलं.

"परवा."

ओसरीवरून आबा म्हणाले, "काय झालं?"

भरलेली बादली तिथेच होती. आईने ती उचलली, पायरीपाशी नेली. विळी घेऊन बसली, मासा उभा चिरला, आतलं काढलं आणि त्या पाण्यात तो दोनदा धुतला.